चिनी भाषेतील शब्दाची संकल्पना

चिनी भाषेतील शब्दाची संकल्पना हा भाषाविज्ञान, व्याकरण आणि कोशरचना या तिन्ही क्षेत्रांशी संबंधित विषय आहे. चिनी लेखनात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली जात नाही. सर्व चिन्हे समान अंतराने लिहिली जातात. त्यामुळे वाक्यात एक शब्द कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो, हे लिपीवरून कळत नाही. ते अर्थ आणि व्याकरण यांच्या आधारे ठरवावे लागते.

लिपीचे स्वरूप

चिनी लिपीला सामान्यतः भावलिपी किंवा चित्रलिपी म्हटले जाते. परंतु ही संज्ञा अपुरी आहे. बहुसंख्य चिन्हांत एक घटक अर्थाकडे आणि दुसरा उच्चाराकडे निर्देश करतो. सामान्यपणे एक चिन्ह म्हणजे एक अक्षरोच्चार आणि बहुधा एक अर्थघटक होय. ‘पूताओ’ (द्राक्ष) आणि ‘हूद्ये’ (फुलपाखरू) यांसारखे शब्द मात्र याला अपवाद आहेत. ते प्रत्येकी दोन चिन्हांनी लिहिले जात असले, तरी त्यांचे तुकडे केल्यास अर्थ उरत नाही.

‘त्झ’ आणि ‘त्स’

चिनी भाषेत लिखित चिन्हाला ‘त्झ’ आणि शब्दाला ‘त्स’ म्हणतात. परंपरेने अभ्यासाचे एकक ‘त्झ’ हेच होते. शू शेन यांनी इ.स. १०० च्या सुमारास रचलेल्या ‘श्वोवेन ज्येत्झ’ या कोशात ९,३५३ चिन्हांची ५४० गटांत मांडणी आहे. मा ज्येनजोंग यांच्या १८९८ मधील व्याकरणातही नाम, क्रियापद इत्यादी शब्दजातींच्या नावांत ‘त्झ’ हेच पद वापरलेले आढळते. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य व्याकरणाच्या परिचयातून ‘त्स’ या संज्ञेला आजचा तांत्रिक अर्थ प्राप्त झाला. जाओ युआनरेन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोलभाषेच्या व्याकरणात ‘त्झ’ला ‘सामाजिक शब्द’ म्हटले. कारण सामान्य चिनी माणूस भाषेचे एकक म्हणून त्याचाच विचार करतो.

शब्द ओळखण्याच्या कसोट्या

पाणिनीच्या व्याकरणात सुप् किंवा तिङ् प्रत्यय लागलेले रूप ‘पद’ ठरते. चिनी भाषेत अशी विभक्तिरूपे व आख्यातरूपे नसल्यामुळे ही कसोटी तेथे लागू पडत नाही. त्याऐवजी घटकांची एकसंधता तपासली जाते. ‘बाय’ म्हणजे पांढरा आणि ‘जी’ म्हणजे कागद. या दोहोंमध्ये ‘द’ हा संबंधदर्शक घालून ‘बाय द जी’ म्हटले, तरी अर्थ ‘पांढरा कागद’ असाच राहतो. म्हणून हा शब्दसमूह होय. ‘बायत्साय’ (कोबीवर्गीय एक भाजी) याच्या मध्ये ‘द’ घातल्यास मात्र ‘पांढऱ्या रंगाची भाजी’ असा निराळा अर्थ होतो; म्हणून तो एकच शब्द मानला जातो.

ही कसोटीही सर्वत्र निर्णायक ठरत नाही. ‘शीझाओ’ (स्नान करणे) हा कोशात एक शब्द म्हणून येतो. तथापि वाक्यात त्याच्या दोन घटकांमध्ये क्रियेची पूर्णता दाखवणारा ‘ल’ येऊ शकतो. अशा शब्दांना ‘विभाज्य शब्द’ म्हणतात.

कोशरचना व संगणक

चिनी भाषेत चिन्हकोशाला ‘त्झद्येन’ आणि शब्दकोशाला ‘त्सद्येन’ अशी वेगळी नावे आहेत. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्येनदाय हान्यू त्सद्येन’ या आधुनिक कोशात प्रत्येक चिन्हाखाली त्यापासून सुरू होणारे शब्द दिलेले आहेत. १९५८ मध्ये स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन लेखनपद्धतीमुळे हा प्रश्न व्यावहारिक झाला. कारण रोमन लिपीत शब्द तोडून लिहावयाचा, तर आधी तो निश्चित करणे आवश्यक होते.

भाषांतर आणि शोध यांसाठी संगणकालाही बहुधा वाक्याचे शब्दविभाजन करावे लागते. नानजिंग येथील यांगत्से नदीवरील पुलाचे नाव हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ‘नानजिंग शहर – यांगत्से महासेतू’ हा त्याचा योग्य विच्छेद. परंतु तीच चिन्हे वेगळ्या ठिकाणी तोडल्यास ‘नानजिंगचे महापौर ज्यांग दाछ्याओ’ असा भलताच अर्थ निघतो. या दोन वाचनांत एकाच चिन्हाचा उच्चारही ‘चांग’ऐवजी ‘जांग’ असा बदलतो.

इतर भाषांशी तुलना

जपानी लेखनातही सामान्यतः शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. व्हिएतनामी भाषा आता रोमन लिपीत लिहिली जाते. परंतु तीत प्रत्येक अक्षरोच्चारानंतर जागा सोडतात, मग शब्द पूर्ण झालेला असो वा नसो. याउलट, मध्य आशियातील दुंगान ही चिनी कुळातील भाषा सिरिलिक लिपीत शब्द सुटे करून लिहिली जाते. मराठीच्या मोडी लिपीतही संपूर्ण ओळीवर सलग शिरोरेषा ओढून शब्द न तोडता लिहिण्याची पद्धत होती. यावरून असे दिसते, की मोकळी जागा ही लेखनाची रूढी आहे. तिच्या अभावी भाषेत शब्द नसतात असे नव्हे, केवळ त्यांच्या सीमा वाचकाला स्वतः ओळखाव्या लागतात.