शालेय संगणक कक्षाचे दूरव्यवस्थापन

शाळेच्या संगणक कक्षातील सर्व यंत्रे एका जागेवरून चालू-बंद करणे, त्यांचे पडदे पाहणे, फाइली पाठवणे व सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे यांचा समावेश दूरव्यवस्थापनात होतो.

अधिकार : केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ती ‘बूट’ तत्त्वावर राबवली गेली, म्हणजे पुरवठादाराने संच बसवायचे, ठरावीक वर्षे चालवायचे आणि मग शाळेच्या स्वाधीन करायचे. त्यामुळे प्रशासक पासवर्ड कोणाकडे, हा प्रश्न तंत्राच्या आधी येतो. पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या धायरीचा उर्वरित भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये महापालिकेत आला. अशा हद्दवाढीच्या भागात संचांची मालकी कागदोपत्री स्पष्ट असणे विशेष गरजेचे ठरते.

साधने : व्हेयॉन (पूर्वीचे आयटॅल्क) विंडोज व लिनक्सवर, तर एपॉप्टीस लिनक्सवर चालते, दोन्ही मोफत व मुक्तस्रोत आहेत. पडदे न पाहता केवळ आदेश द्यायचे असल्यास एसएसएच पुरते.

दुरून चालू करणे : बंद यंत्राला ‘वेक ऑन लॅन’ने जाग येते. त्यासाठीचा संदेश १०२ बाइटचा असतो : आधी सर्व बिट १ असलेले ६ बाइट, मग यंत्राचा ६ बाइटचा मॅक पत्ता १६ वेळा. हा संदेश सहसा स्थानिक जाळ्याबाहेर जात नाही. म्हणून घरून काम करणाऱ्या शिक्षकासाठी कक्षात एक यंत्र कायम चालू लागते. बायोसमध्ये ही सोय सुरू केलेली असावी लागते. जुन्या यंत्रांत मदरबोर्डवरील बॅटरी संपली की ती नोंद पुसली जाऊ शकते. सर्वांत मोठी अडचण विजेची. शाळा सुटताना मेन स्विच बंद केला की नेटवर्क कार्डालाही वीज मिळत नाही आणि संदेश वाया जातो. अशा ठिकाणी ‘वीज येताच चालू व्हा’ ही बायोसमधील सोय अधिक भरवशाची. मात्र सगळी यंत्रे एकदम सुरू होऊन इन्व्हर्टरवर ताण येऊ नये म्हणून रांगेनुसार वेगळे स्विच ठेवावेत.

प्रतिकृती : क्लोनझिलाने एकाच डिस्कची प्रत सर्वत्र उतरवल्यावर प्रत्येक यंत्राचे नाव बदलावे व एसएसएचची ओळख-किल्ली नव्याने तयार करावी. नाव रांग व जागेवरून दिल्यास बिघडलेला संच लगेच सापडतो.

गोपनीयता : २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई करतो, पण काही वर्गांना सूट देण्याची तरतूदही त्यात आहे.