माउन आंतरराष्ट्रीय विमानतळ

बोत्स्वानाच्या वायव्य भागातील, थामालाकाने नदीकाठच्या माउन गावाचा विमानतळ. ओकावांगो त्रिभुज प्रदेश (जागतिक वारसा स्थळ, २०१४) आणि मोरेमी अभयारण्याकडे जाणारे बहुतेक पर्यटक येथेच उतरतात. जोहान्सबर्ग, गॅबरोन व केपटाउनशी त्याचा हवाई संपर्क आहे. मात्र त्याचे खरे वैशिष्ट्य म्हणजे सेसना जातीची छोटी विमाने. अंगोलाच्या डोंगराळ प्रदेशात पडलेल्या पावसाचे पाणी काही महिन्यांनी, ऐन कोरड्या हंगामात, ओकावांगोत पसरते, वाटा बुडतात. मग पाण्याने वेढलेल्या बेटांवरील मुक्कामतळांपर्यंत माणसे आणि शिधा ही विमानेच मातीच्या धावपट्ट्यांवर नेऊन पोहोचवतात. त्यांत जागा अपुरी, म्हणून प्रवाशांना मऊ पिशवीत मोजकेच सामान नेता येते.