बावखलाचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात धर्मग्रामातील मुलांना घेऊन आम्ही एका बावखलाच्या साफसफाईसाठी गेलो होतो. जलपर्णी उपसता उपसता दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने मला विचारले, "फादर, हे कोणी खणलं?" मी म्हणालो, "तुझ्या आजोबांच्या आजोबांनी." त्यावर त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता : "मग बाकीची बुजवली कोणी?" त्या प्रश्नाला मी तिथे उत्तर दिले नाही. जेवणाची वेळ झाली असे सांगून मी वेळ मारून नेली. जे उत्तर त्या मुलाला द्यायला हवे होते, ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी प्रथम थोडा खुलासा. 'बाव' म्हणजे विहीर. बावखल म्हणजे विहिरीहून मोठा आणि तळ्याहून लहान असा, माणसांनी हातांनी खणलेला गोड्या पाण्याचा साठा. आगाशीपासून नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गिरीज, सांडोरपर्यंतच्या पश्चिम पट्ट्यात वाडीगणिक अशी बावखले होती. काठावर नारळ, सुपारी, केवडा, पाण्यात मासे, एका अंगाला रहाट. ती सरकारी तलावांसारखी नव्हती. बहुधा काही कुटुंबांच्या सामाईक मालकीची असत आणि पाणी पाळीने घेतले जाई. कोणाची पाळी केव्हा, हे कागदावर लिहिलेले नसे. ते घराघरांत पाठ असे.

या भूमीची घडण पाहिली म्हणजे पूर्वजांची दूरदृष्टी ध्यानात येते. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, मध्ये वाळूमिश्रित जमीन. पावसाचे गोडे पाणी या जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर जणू सायीसारखे तरंगत राहते. वरचे पाणी जपून काढले तर ते पिढ्यान्‌पिढ्या पुरते; ओरबाडून काढले तर खालचे खारे पाणी वर चढते आणि एकदा चढले की सहजी उतरत नाही. बावखल हे या जमिनीचे उघडे तोंड होते. पावसाळ्यात ते पाणी पोटात घेई, आणि उन्हाळ्यात तेच परत देई.

पाणी काढण्याचे साधन होते रहाट. बैल गोल फिरे, चाकावरच्या माळेतील मातीची गाडगी एकामागून एक वर येत आणि पाटात रिकामी होत. बैल थकला की रहाट थांबे. रहाट थांबला की बावखल भरून येई. उपशाला अशी आपोआप मर्यादा पडे. शिवाय पाटाचे पाणी गावाबाहेर जात नसे. ते केळीच्या आळ्यात पडे आणि पिकाच्या गरजेहून अधिक असेल तेवढे झिरपून पुन्हा त्याच जमिनीत उतरे. जमा आणि खर्च एकाच वहीत होते.

या पाण्यावर वसईची बाजारपेठ उभी राहिली. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इथल्या बागायतीची, ऊस, केळी आणि पानवेलींची नोंद आढळते. त्यापूर्वी १८६४ साली मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग सुरू झाला होता आणि बागेतील माल काही तासांत मुंबईला पोहोचू लागला होता. पुढे उसाची जागा केळी आणि पानवेलींनी घेतली. भाजी आणि फुले आली. राजेळी केळ्यांपासून केलेली आगाशीची सुकेळी नावारूपाला आली. पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन मुंबई गाठणाऱ्या आपल्या आया-बहिणी हाच त्या व्यापाराचा कणा होता. मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधी दादरला पोहोचल्या पाहिजेत, हे त्यांचे घड्याळ होते.

१९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक पतसंस्था स्थापन झाली. आजची बॅसीन कॅथॉलिक बँक ती हीच. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी लोकांनी आपापली थोडी पुंजी एकत्र केली. मला नेहमी वाटते की जे लोक पिढ्यान्‌पिढ्या एका बावखलाचे पाणी पाळीने वाटून घेत आले, त्यांना एका पेटीतील पैसा वाटून घेणे परके वाटले नसावे. सहकाराचा कायदा सरकारने आणला. त्याची सवय मात्र आपल्या वाडीत आधीपासून होती.

मग रहाट गेला. प्रथम तेलावरचे इंजिन आले, पाठोपाठ विजेचा पंप. बैलाचे कष्ट वाचले, अधिक जमीन भिजू लागली. त्या बदलाला दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु बैलाबरोबर मर्यादाही गेली. पंप थकत नाही. पाळीचीही गरज उरली नाही, कारण ज्याने त्याने आपल्या वाडीत स्वतंत्र कूपनलिका खोदली. बावखल कोणालाच लागेनासे झाले आणि ज्याची गरज नाही त्याचा गाळ कोण काढणार?

तोवर मुंबईची दाटी वसईच्या दाराशी आली होती. १९८८ साली शासनाने इथली फार मोठी हरित जमीन नागरीकरणाला खुली केली आणि १९९० साली सिडकोला या भागाचे नियोजन प्राधिकरण नेमले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे जो लढा दिला, तो आपणा सर्वांना ठाऊक आहे. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये प्रभूघरी गेले. त्या लढ्यामुळे पश्चिम पट्ट्यात जी हिरवाई शिल्लक आहे, तिच्यात त्यांचे स्मरण आहे. दरम्यान शहर वाढतच गेले. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली.

नव्या इमारतींत माणसे राहायला आली, नळांना मात्र पाणी नव्हते. तेव्हा टँकर आले. हा भाग आपण सांगताना जरा घाईने सांगतो, म्हणून मी मुद्दाम थांबतो. टँकर बाहेरचा होता, विहीर मात्र आपली होती. रात्रंदिवस पंप चालवून गावाचे पाणी शहराला विकले गेले आणि विकणाऱ्यांत आपली माणसेही होती. केळीच्या घडापेक्षा पाण्याच्या खेपेला अधिक पैसे मिळत. कोणाला मुलीचे लग्न करायचे होते, कोणाला मुलाला परदेशी पाठवायचे होते. हाव म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण विहिरी खारट झाल्या त्या शेजाऱ्याच्याही, ज्याने एक थेंबही विकला नव्हता. वहीतला खर्चच गावाबाहेर जाऊ लागला.

बावखलांचेही तसेच झाले. सामाईक मालकी ही एके काळी त्यांची ताकद होती. वाटण्या होऊ लागल्या तशी तीच त्यांची दुर्बलता ठरली. कोपरा कोपरा करीत भराव पडला. कुठे घर, कुठे चाळ, कुठे गाड्या उभ्या करण्याची जागा.

इथे मला स्वतःविषयी लिहिले पाहिजे. तरुण धर्मगुरू असताना एका कुटुंबाने नव्या घराच्या आशीर्वादासाठी मला बोलावले. घर बावखल बुजवून बांधले आहे हे मला माहीत होते. भरावाची माती ओली होती. मी घरभर पवित्र जल शिंपडले, जेवलो आणि परतलो. जिथले जल बुजवले तिथेच मी जल शिंपडतो आहे, हा विचार मला त्या दिवशी शिवला नाही. पापनिवेदनाच्या तयारीसाठी आपण मुलांना जी प्रश्नावली देतो, तीत चोरी होती, खोटे बोलणे होते. पाण्याविषयी एकही प्रश्न नव्हता. शिकवणारेच गप्प होते, तर शिकणाऱ्यांना कसा दोष द्यावा?

२०१८ च्या जुलैत पावसाने ती वही आमच्यासमोर उघडली. नालासोपारा, वसई, विरार जलमय झाले, लोकलगाड्या बंद पडल्या, वीज गेली, मिठागर वस्तीतील शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली. मी आशीर्वाद दिलेल्या त्या घरातही कमरेइतके पाणी होते. पाणी आपल्या जुन्या जागी आले होते. पुढे महानगरपालिकेने नीरी आणि मुंबई आय. आय. टी. यांच्या तज्ज्ञांकडे पुराचा अभ्यास सोपवला. त्यांनी सुचवलेल्या उपायांत पावसाचे पाणी साठवून धरणाऱ्या तलावांचा समावेश होता. तज्ज्ञांविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणावेसे वाटते की असे तलाव आपल्या वाडीवाडीत होते.

आता तहानेचे काय, असे कोणी विचारील. सूर्या नदीवरील धरणातून शहराला पाणी येते. २०२३ साली पूर्ण झालेल्या नव्या योजनेच्या पहिल्या टप्प्यातून दररोज १८ कोटी ५० लाख लिटर पाणी वसई-विरारसाठी राखले आहे. अनेक घरांची ओढाताण त्यामुळे थांबेल. पण सूर्या प्रकल्प मुळात पालघर, डहाणूकडील शेती भिजवण्यासाठी होता आणि तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी हे पाणी शहरांकडे वळवण्यास विरोध केला होता. आपले पाणी गावाबाहेर गेले तेव्हा आपल्याला दुःख झाले. आज आपल्या नळाला येणारे पाणी कोणाच्या तरी गावाबाहेर आलेले आहे. अंगणात पडणारा पाऊस समुद्रात सोडून देऊन त्यांच्या पाण्यावर हक्क सांगताना आपली मान थोडी खाली गेली पाहिजे.

सुदैवाने सारेच संपलेले नाही. अनेक बावखले अजून जिवंत आहेत आणि काही गावांतील तरुणांनी गेल्या काही वर्षांत स्वतःहून गाळ उपसण्याचे काम हाती घेतले आहे. ज्यांच्या वाटणीत बावखलाचा कोपरा आला असेल, त्यांना माझी विनंती आहे की तो विकण्यापूर्वी बाकीच्या वाटेकऱ्यांना एकदा एकत्र बसवा. धर्मग्राम मंडळांनी आपल्या हद्दीतील बावखलांची यादी करावी. ज्या चर्चच्या आवारात विहीर आहे, तिथे छपरावरचे पावसाचे पाणी त्या विहिरीत सोडावे. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणण्याची चाल आपल्यापैकी अनेक घराण्यांत आहे. ती नळाखाली घागर धरून उरकण्याची वेळ येऊ नये.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. बाळ, ती बावखले आम्ही बुजवली. काही आपल्या माणसांनी, काही परक्यांनी, आणि काही माझ्यासारख्यांनी पाहत राहून. त्या दिवशी तू उपसलेल्या गाळाखाली मला स्वच्छ पाणी दिसले. या पावसाळ्यानंतर आपण पुन्हा तिथे जाऊ. तेव्हा जेवणाचे निमित्त मी सांगणार नाही.