आजीच्या मासोळ्या: जुनी चांदी ओळखायची कशी

आज आपण आपल्या पेटीच्या तळाशी फडक्यात बांधून ठेवलेल्या जुन्या चांदीबद्दल बोलणार आहोत. मासोळ्या, जोडवी, वाळे, तोडे, गोट, सरी. हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईला लेकीच्या फीसाठी पैसे हवे होते. तिनं सासूचे तोडे आणि मासोळ्या विकायला नेल्या. "वीस तोळे हाय, सासूबाई सांगत," ती म्हणाली. दुकानदारानं वजन केलं, काट्याचं तोंड त्याच्याकडेच होतं. "बरोबर, वीस तोळे," म्हणाला. दोनशे ग्रॅमचा हिशोब केला, वरून घट कापली, पैसे हातावर ठेवले. पावती दिली नाही. पुढच्या बैठकीत आम्ही हिशोब मांडला, तेव्हा चूक ध्यानात आली. पण तोवर चांदी आटून गेली होती.

चूक तोळ्यात होती. आज सोनार दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. सासूबाईंचा तोळा म्हणजे एका रुपयाचं वजन, 11.66 ग्रॅम. वीस जुने तोळे म्हणजे 233 ग्रॅम. झिजेपायी दोन-चार ग्रॅम कमी धरले, तरी तीस ग्रॅमच्या आसपास चांदी नुसत्या शब्दात गेली. मेट्रिक वजनं 1960 च्या आसपास आली. त्याआधीचा दागिना असेल, तर घरात सांगितलेला तोळा जुनाच समजायचा.

आता प्रश्न असा, की आपल्या वऱ्हाडात एवढी चांदी आली कुठून? आपल्या शेतात तर कापूस पिकतो. उत्तर त्या कापसातच आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाचा भाव चढला. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली. इथून कापसाच्या गाठी जहाजावर चढल्या आणि बदल्यात जहाजांतून चांदी उतरली. त्या चांदीचे टाकसाळीत रुपये पडले, ते रुपये आपल्या बाजारात आले आणि सोनाराच्या मुशीतून बायांच्या अंगावर चढले. तेव्हा गावात बँक कुठली? पायातले तोडे हीच बँक. खामगावचं नाव चांदीसाठी आजही घेतलं जातं.

समुद्र आपल्यापासून शेकडो कोस, तरी पायाच्या बोटात मासोळी कशी? मासोळीला आपली पूर्णा, वर्धा पुरेशी आहे. मासोळी पुष्कळ अंडी घालते, म्हणून ती भरल्या घराची खूण. तिचा डोळा मिटत नाही, म्हणून ती राखणदार. कड्यांच्या टोकांना मगरीची तोंडं दिसतात, तीही पाण्यातलीच. सोनं कमरेच्या वर आणि पायात चांदी, अशी आपली रीत. म्हणून ही नक्षी बहुतेक चांदीतच सापडते.

या बँकेला एकदा मोठा धक्का बसला. 1893 पर्यंत कोणीही चांदी टाकसाळीत देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत होतं. त्या वर्षी सरकारनं ही सोय बंद केली. रुपयाची किंमत कायम राहिली आणि दागिन्यातल्या चांदीचा भाव मात्र घसरला. पाठोपाठ 1896-97 चा आणि 1899-1900 चा दुष्काळ आला. बाया दागिने विकायला निघाल्या, तेव्हा रुपयाभार चांदीला रुपया मिळेना. तिचं वजन तेवढंच होतं, किंमत दुसऱ्याच कोणीतरी ठरवली होती. आमच्या ताईची गोष्ट ऐकताना आम्हाला हेच आठवलं.

म्हणून दागिना हातात घेऊन नीट पाहायला शिकूया.

पहिली गोष्ट, नक्षी पाहा. हातानं कोरलेल्या मासोळीचे खवले कमी-जास्त असतात. जोडीतल्या दोन मासोळ्या तंतोतंत सारख्या नसतात. काहींचं अंग सांध्यांचं असतं, हललं की वळवळतं. ठशातून निघालेली नवी मासोळी एकसारखी दिसते. खूप वापरलेली मासोळी बोटाला लागणाऱ्या बाजूनं गुळगुळीत झालेली असते.

दुसरी गोष्ट, कडा पाहा. मुलामा असेल, तर झिजलेल्या कडेला तांब्याची लाली किंवा पितळेचा पिवळेपणा दिसतो. लोहचुंबकानं फक्त लोखंड कळतं. तांबं, पितळ आणि जर्मन सिल्व्हर त्याला चिकटत नाहीत. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी औषधालाही नसते.

तिसरी गोष्ट, पोकळ आहे का ते पाहा. तोडे, गोट यांत कधी लाख भरलेली असते. ते वजन चांदीचं नव्हे. टाक्याच्या जागीही हिणकस धातू असतो. इतकी घट सोनारानं कापली तर ती रास्त आहे. पण किती आणि कशाची, हे त्यानं सांगायला हवं.

चौथी गोष्ट, माळेत रुपये असतील तर साल वाचा. माळ त्या सालाआधीची असूच शकत नाही. राणीछाप रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असते. 1940 पासूनच्या रुपयात निम्मीच उरली आणि 1947 चा रुपया निकेलचा आहे.

आणि काळी पडली म्हणून चांदी खोटी ठरत नाही. हवेतल्या गंधकानं ती काळवंडते. राखेनं घासघासून नक्षी घालवू नका.

आता किंमत. वजन गुणिले शुद्धता गुणिले त्या दिवसाचा भाव, ही झाली मोड. 233 ग्रॅमचा दागिना शंभरात ऐंशी शुद्ध निघाला, तर त्यात 186 ग्रॅम चांदी आहे. जुन्या दागिन्यावर बहुधा हॉलमार्क नसतो, म्हणून कस लावून आकडा सांगायला लावा. सुबक जुन्या कामाची किंमत मोडीपेक्षा जास्तही येऊ शकते. तेव्हा आटवण्याआधी दोन ठिकाणी दाखवा. शंभर वर्षांवरचा दागिना कायद्यानं पुरावस्तू ठरू शकतो आणि अशी वस्तू परदेशी विकायला नेता येत नाही.

आम्ही आता गटात एक वही केली आहे. प्रत्येकीनं आपला दागिना ग्रॅममध्ये तोलून, फोटो काढून, कोणाकडून आला ते लिहून ठेवलं आहे. माहेरहून आलेलं, लग्नात मिळालेलं हे स्त्रीधन आहे. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं, की त्यावर मालकी बाईचीच. पण मालकिणीला आपल्या वस्तूचं वजन तरी ठाऊक हवं ना?

विकायची वेळ आली तर विका, त्यात कमीपणा नाही. आपल्या आज्यांनी ती अडीनडीसाठीच ठेवली होती. फक्त एकटीनं जाऊ नका. काटा आपल्याकडे वळवायला सांगा आणि पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.