वाघ्या आणि तोरा

मराठींत ‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ या दोन प्रयोगांत अंतर असें फार थोडें. आणि घरांत कुत्र्याचें नवें पिलूं आलें कीं या दोन्ही क्रिया बहुधा एकाच वेळीं सुरू होतात. मुलें नांव सुचवितात, आजी त्याला नांवें ठेवते. परभणी, सेलू, जिंतूर किंवा गंगाखेड येथील एखाद्या घरीं आज कोणी ‘याला जपानी नांव देऊं या’ असें म्हटलें, तर आजीच्या शब्दांना अधिकच धार चढेल. वाघ्या, मोत्या हीं नांवें काय वाईट होतीं, असें ती विचारील. तिचा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचें उत्तर शोधावयास निघालेला मनुष्य वाघ्याच्याच मागानें जपानपर्यंत जाऊन पोहोंचतो, ही गोष्ट तिलाहि कळली पाहिजे.

आपल्या वाङ्मयांतील नांव असलेलें सर्वांत जुनें कुत्रें म्हणजे ऋग्वेदांतील सरमा. ती इंद्राची दूती. पणींनीं दडवून ठेवलेल्या गाईंचा माग तिनें काढला. तिची संतति ते सारमेय. यमाच्या वाटेवर पहारा करणारे चार डोळ्यांचे दोन कुत्रे याच कुळांतले. आणि पुढील ग्रंथांत त्यांचीं नांवें श्याम व शबल अशीं येतात. श्याम म्हणजे काळा, शबल म्हणजे कबरा. साक्षात् यमाच्या पहारेकऱ्यांनाहि काळ्या आणि कबऱ्या यांपलीकडे कांहीं नांव मिळालें नाहीं!

पुढील काळांत तर मोठ्या मानाचीं कुत्रीं निनांवीच राहिलीं. धर्मराजाची सोबत स्वर्गाच्या दारापर्यंत करणाऱ्या कुत्र्याला महाभारतांत नांव नाहीं. दत्ताच्या पायांशीं बसलेल्या चार कुत्र्यांना चार वेद म्हणतात; पण तो त्यांचा अर्थ झाला, नांव नव्हे. नामदेवांची भाकरी घेऊन पळालेला कुत्रा सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. कोरडी भाकरी घशाखालीं उतरणार नाहीं, म्हणून तुपाची वाटी घेऊन नामदेव त्याच्यामागें धांवले. परंपरेनें नामदेवांचें जन्मगांव मानलेलें नरसी हें १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच होतें. तेव्हां ही कथा या जिल्ह्याच्या घरचीच म्हणावयाची. त्या कुत्र्यालाहि नांव नाहीं. नामदेवांना त्याच्या ठिकाणीं विठ्ठल दिसला, आणि दुसऱ्या नांवाची जरुरी उरली नाहीं.

नांवाची जरुरी लागते ती संसारी माणसाला, कारण त्याला कुत्र्याला हांक मारावयाची असते. सातारकर शाहू छत्रपतींच्या आवडत्या कुत्र्याचें नांव खंड्या. शिकारीच्या प्रसंगीं वाघापासून त्यानें महाराजांचा जीव वांचविला व महाराजांनीं त्याला पालखीचा मान दिला, असें परंपरा सांगते. संगम माहुलीस कृष्णेच्या कांठीं त्याची समाधि दाखवितात. खंड्या या नांवांत खंडोबा ऐकूं येतो, आणि खंडोबापाशीं कुत्रा असावयाचाच. त्याला वाहिलेला सेवक तो वाघ्या, आणि हा वाघ्या स्वतःस देवाचा कुत्रा म्हणवितो. म्हणून मराठी घरांतील कुत्र्याला वाघ्या म्हणतात तेव्हां त्यांत पट्ट्यांचा वाघ आणि मल्हारीचा भक्त असे दोघेहि असतात. रायगडावरील वाघ्याची कथा अनेकांना प्रिय आहे. तिला शिवकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाहीं, हेंहि इतिहासाच्या अभ्यासकानें सांगितलें पाहिजे. परभणीच्या शेजारीं नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांवीं मार्गशीर्षांत खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथें घोड्यांच्या बाजाराइतकाच मान कुत्र्यांच्या प्रदर्शनाला असतो. लांब तोंडाचे, आंखडलेल्या पोटाचे कारवानी कुत्रे पाहावयाचे तर ते तेथें पाहावे.

राज्यें बदललीं तशी या नांवाची भाषा बदलली. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. दरबारची भाषा उर्दू; हिंदी-उर्दूच्या वळणानें वाघ्याचा ‘शेरू’ झाला. इंग्रजांच्या छावण्यांतून ‘टायगर’ आला आणि टॉमीला बरोबर घेऊन आला. माणसाला वाटतें आपण नवें नांव ठेविलें. जनावर मात्र तेंच राहिलें.

आतां जपानकडे वळूं. जपानी भाषेंत वाघाला ‘तोरा’ म्हणतात, आणि अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या कुत्र्याला तोरा हेंच नांव तेथें परंपरेनें शोभतें. पांढरा कुत्रा तो ‘शिरो’, काळा तो ‘कुरो’, कबरा तो ‘बुचि’. म्हणजे यमाच्या दारचे श्याम आणि शबल जपानांत गेले असते तर कुरो आणि बुचि होऊन सुखानें नांदले असते. वठलेल्या झाडांना फुलें आणणाऱ्या म्हाताऱ्याची एक लोककथा जपानी मुलें लहानपणापासून ऐकतात. तींतील कुत्रा शेतांत एका जागीं भुंकतो; तेथें खणल्यावर धन सांपडतें. त्याचें नांवहि बहुधा शिरो, म्हणजे आपला पांढऱ्या. दूरच्या भाषेंत जें नांव गूढ वाटतें तें तिकडच्या आजीला आपल्या आजीच्या मोत्याइतकेंच साधें वाटतें.

कुत्र्यांच्या बाबतींत जपानच्या इतिहासांत एक मोठें विलक्षण प्रकरण आहे. शिवाजी महाराजांचें निधन झालें त्याच १६८० सालीं एदो येथें, म्हणजे आजच्या टोकियोंत, तोकुगावा त्सुनायोशी हा शोगुन झाला. त्याचा जन्म जपानी पंचांगाप्रमाणें श्वानवर्षांतला. प्राणिमात्रांवर दया करावी अशा आज्ञा त्यानें एकामागून एक काढल्या, आणि त्यांचा सर्वाधिक लाभ कुत्र्यांना झाला. कुत्र्याला मारणाऱ्यास कडक शिक्षा होई, प्रसंगीं देहदंडहि. शहरांतील कुत्र्यांच्या अंगाच्या रंगांची नोंद ठेवणाऱ्या वह्या झाल्या. भटक्या कुत्र्यांची दाटी झाली तेव्हां १६९५ सालीं नाकानो येथें त्यांच्यासाठीं विस्तीर्ण आवार बांधण्यांत आलें. तेथें ऐंशी हजारांहून अधिक कुत्रे होते असें सांगतात. त्यांना भात आणि सुकी मासळी मिळे, आणि खर्चाचा भार नागरिकांवर पडे. लोक कुत्र्याला ‘ओ-इनु-सामा’, म्हणजे ‘श्रीमंत कुत्रेसाहेब’, म्हणूं लागले, आणि शोगुनला पाठीमागें ‘कुत्र्यांचा शोगुन’. १७०९ सालीं तो वारला आणि आज्ञा लागलीच रद्द झाल्या. दया ही चांगली. पण शेजाऱ्याच्या ताटांतला भात काढून केलेली दया लोक फार दिवस सहन करीत नाहींत.

पुढें दीडशें वर्षांनीं जपानचीं बंदरें पाश्चात्त्यांना खुलीं झालीं आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कुत्रे आले. साहेब कुत्र्याला ‘कम् हिअर’ म्हणून हांक मारी. ऐकणाऱ्यांना वाटलें, या जातीच्या कुत्र्याला ‘कामे’ म्हणतात! मेइजी काळांत विलायती कुत्र्याला कामे हें नांवच पडलें. जपानीत कामे म्हणजे कासव, हा त्यांतला आणखी एक विनोद. त्याच काळांत ‘पोची’ हें नांवहि घरोघर पसरलें. त्याचें मूळ जपानी कीं परदेशी याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. साहेबाच्या हांकेंतून तिकडे कामे झाला, इकडे टॉमी.

जपानी नांव म्हटलें कीं जगाला आज आठवतो तो ‘हाचि’. आकिता प्रांतांत ओदाते येथें १९२३ च्या नोव्हेंबरांत जन्मलेलें हें पिलूं उएनो हिदेसाबुरो या प्राध्यापकांनीं टोकियोस आणविलें. हाचि म्हणजे आठ. ही संख्या लिहिण्याचें जपानी अक्षर खालीं रुंदावत जातें, म्हणून तेथें ती शुभ मानतात. मागें लागणारा ‘को’ हा लडिवाळ मानाचा प्रत्यय आहे. ‘हाचिको’ म्हणजे आपल्याकडील ‘आठोबा’ म्हणाना! उएनो हे टोकियोच्या शाही विद्यापीठांत कृषिशास्त्र शिकवीत. शेतजमिनीची फेरमांडणी आणि पाण्याचा निचरा हे त्यांचे विषय. १९७२ पासून कृषि विद्यापीठ असलेल्या परभणीला आणि भारी काळ्या जमिनीच्या शेतकऱ्याला या विषयांचें महत्त्व सांगावयास नको. १९२५ च्या २१ मे रोजीं उएनो विद्यापीठांतच एकाएकीं वारले. कुत्रा पुढें जवळजवळ दहा वर्षें शिबुया स्टेशनावर त्यांची वाट पाहत येत राहिला.

ही कथा सांगतांना तिचा मधला भाग बहुधा गाळला जातो. प्रारंभीं या कुत्र्याचें स्टेशनावर कोणी कौतुक केलें नाहीं. तो वाटेंत येणारें एक जनावर होता. त्याला हुसकावीत, त्याची चेष्टा करीत. १९३२ च्या ऑक्टोबरांत एका वृत्तपत्रानें त्याची हकीकत छापली आणि एका दिवसांत तो थोर झाला. १९३४ च्या एप्रिलांत त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला, त्या समारंभास हाचि स्वतः हजर होता. शाळांतील नीतिपाठांतहि त्याची कथा आली. कारण त्या दिवसांत जपानच्या राज्यकर्त्यांना निष्ठेचीं उदाहरणें हवीं होतीं. १९३५ च्या ८ मार्चला तो मेला. ज्या निष्ठेसाठीं पुतळा उभारला त्याच निष्ठेच्या युद्धांत धातूसाठीं तो वितळविला गेला. आज शिबुयास आहे तो १९४८ सालीं मूळ शिल्पकाराच्या मुलानें केलेला दुसरा पुतळा. त्यांत हाचि एकटा बसलेला आहे. २०१५ सालीं विद्यापीठाच्या कृषिविभागांत आणखी एक पुतळा उभा राहिला. त्यांत परत आलेल्या प्राध्यापकांच्या अंगावर हाचि आनंदानें उडी घेत आहे. नव्वद वर्षांनीं कां होईना, त्याचे धनी आले.

सर्वच जपानी नांवांचें नशीब इतकें चांगलें नाहीं. अंध व बधिर असूनहि जगद्विख्यात झालेल्या हेलन केलर १९३७ सालीं जपानला गेल्या असतां त्यांना आकिता जातीचें पिलूं भेट मिळालें. त्याचें नांव ‘कामिकाझे-गो’. (हा ‘गो’ संस्कृतांतील गाय नव्हे, कुत्र्याच्या, घोड्याच्या किंवा जहाजाच्या नांवापुढें लावण्याचा तो जपानी प्रत्यय आहे.) कामिकाझे म्हणजे देवाचा वारा. तेराव्या शतकांत चालून आलेलीं मोगलांचीं, म्हणजे चीनमधील मंगोल सम्राटांचीं, आरमारें वादळानें बुडालीं, त्या वादळाला जपानी लोकांनीं हें नांव दिलें. पिलाचें नांव ठेवणाऱ्यांच्या मनांत तेंच असेल. पण १९४४ पासून विमानासह शत्रूच्या जहाजावर आदळून मरणाऱ्या कोवळ्या वैमानिकांना तें नांव मिळालें, आणि आज त्या शब्दाबरोबर प्रथम तेच आठवतात. ऐटदार वाटतें म्हणून परभणीच्या एखाद्या मुलानें आपल्या पिलाला कामिकाझे म्हणावें, आणि त्या हांकेंत काय काय आहे हें त्याला कोणीच सांगूं नये, हें बरें नव्हे.

त्यापेक्षां तारो आणि जिरो हीं नांवें कितीतरी निर्मळ. तारो म्हणजे थोरला, जिरो म्हणजे दुसरा. दक्षिण ध्रुवाकडील जपानी तळावर १९५८ च्या फेब्रुवारींत वादळी हवेमुळें पंधरा कुत्रे सांखळीला बांधलेले मागें राहिले. पुढील वर्षीं जानेवारींत माणसें परतलीं तेव्हां दोन जिवंत होते; ते हे तारो आणि जिरो. आपल्याकडे ज्या घरांत थोरले-धाकटे अशा हांका चालतात त्या घरांत हीं नांवें सहज रुळतील.

आणखी एक परीक्षा उरते, आणि ती टोकियोंत नव्हे, आपल्या गल्लींत द्यावयाची असते. कुत्र्याचें नांव वहींत लिहावयाचें नसून दारांतून मोठ्यानें ओरडावयाचें असतें. ‘मोची’ हा जपानचा तांदळाचा मऊ पदार्थ. पांढऱ्या, गुबगुबीत पिलाला तें नांव तिकडे फार आवडीनें देतात. पण परभणीच्या गल्लींत ‘ए मोची’ अशी हांक कुत्र्याला मारली, तर जोडे शिवून प्रामाणिकपणें पोट भरणाऱ्या शेजाऱ्याला काय वाटेल? त्याला जपानी कोश दाखवून भागणार नाहीं. तें नांव टाकलेंच पाहिजे. ‘हाना’ म्हणजे फूल, नांव सुरेख. पण या भागांत ‘हाणा’चा उच्चार ‘हाना’ असाच होतो, आणि कोणी खरोखरच काठी घेऊन धांवला तर त्याचा दोष काय? ‘पोची’ ऐकून शेतकऱ्याला पोचट दाणा आठवेल. उलट ‘तोरा’ हें नांव मराठी कानाला हंसवील आणि बहुतेक कुत्र्यांना शोभेल. ‘हाचि’ तर संतवाणी ऐकलेल्या कानाला परका वाटणारच नाहीं. जुन्या मराठींत ‘हाचि’ म्हणजे हाच, दुसरा नव्हे.

आणि परकेपणाचें म्हणाल तर स्टेशनावर उतरलेला परभणीकर घरीं कशांतून जातो? रिक्षांतून. हा शब्द जपानचा. ‘जिन्-रिकि-शा’, म्हणजे माणसाच्या बळानें चालणारी गाडी. त्याचें डोकें गेलें, शेपूट बदललें, ओढणारा माणूस जाऊन यंत्र आलें, आणि आज आजीला हा शब्द जपानी आहे असें सांगितलें तर ती हंसेल. पिलाचें नांव हाचि ठेवलें तर तेंहि फार दिवस तसें राहणार नाहीं. पहिल्या भाकरीच्या तुकड्याबरोबर तीच त्याला ‘हाच्या’ म्हणेल.