‘सेल्फ’ लागत नाही तेव्हा : एका दोषारोपाचा इतिहास

आपल्याकडच्या गॅरेजांत मोटारीचे इंजिन सुरू करणाऱ्या यंत्राला ‘सेल्फ’ म्हणतात आणि त्याच्या टोकाच्या दातेरी पिनियनला ‘बेंडिक्स’. पहिला शब्द म्हणजे ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दाचा उरलेला पूर्वार्ध, तर दुसरे १९४५ साली वारलेल्या व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकी संशोधकाचे आडनाव. ‘सेल्फ लागत नाही’ या वाक्यात कर्ता आधीच ठरून गेलेला असतो, आणि कर्ता ठरला की आरोपीही ठरतो. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारीच्या इतिहासात हा आरोप कोणी, कोणावर आणि कशाच्या आधारे केला हे आम्हांला पाहायचे आहे. यंत्राच्या बिघाडाचे निदान हाही एक वाचनव्यवहारच आहे, आणि येथे तो बराच काळ घाईने झाला, असे आमचे मत आहे.

थोडे मागे जाऊ. हँडल मारून इंजिन सुरू करणे कष्टाचे आणि धोक्याचे होते. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरून मनगट मोडत असे. चार्ल्स केटरिंगने नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडली होती. गल्ला उघडायला मोटर अखंड चालावी लागत नाही, क्षणभर मोठा जोर मिळाला की काम भागते. हेच सूत्र मोटारीला लावल्यावर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत विजेचा स्टार्टर आला. या यंत्राचा स्वभाव तेव्हापासून तोच आहे : काही सेकंद प्रचंड प्रवाह ओढायचा आणि मग गप्प बसायचे.

बेंडिक्सची युक्ती तर फारच देखणी. मोटरच्या दांड्यावर मळसूत्री आटे आणि त्यावर सैल बसवलेले पिनियन. दांडा एकदम फिरू लागला की पिनियन जडत्वामुळे मागे राहते, आट्यांवरून सरकत जाते आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरते. इंजिन पेटून वेगाने फिरू लागले की तेच दाते पिनियनला परत ढकलून देतात.

एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९८० पर्यंत तयार होत राहिली. तिची संख्या पाच लाखांवर गेली आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक गाड्या अमेरिकेत विकल्या गेल्या. तिच्या आधीच्या एमजीए गाडीत चालक एक खुंटी ओढून, तारेच्या साहाय्याने, स्टार्टरचा जाड स्विच स्वतःच्या हाताने जोडत असे. एमजीबीत किल्ली आली. किल्ली सोलेनॉइडला इशारा देते आणि सोलेनॉइड मोठा प्रवाह जोडतो. चालक आणि स्टार्टर यांच्यामध्ये असा एक मध्यस्थ उभा राहिला, आणि त्याच्या ‘टक्’ या एका अक्षरावरून सारा अर्थ लावण्याची वेळ आली.

हा अर्थ लावण्यासाठी गाडीचा भूगोल ठाऊक हवा. सुरुवातीच्या एमजीबीत बारा व्होल्टची एक बॅटरी नव्हती. आसनांच्या मागे, तळाखाली लोंबणाऱ्या दोन चौकटींत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. एकऐवजी दोन बॅटऱ्या म्हणजे दोनऐवजी चार टर्मिनले, शिवाय त्यांना जोडणारी केबल. तिथून इंजिनापर्यंत लांबलचक केबल गाडीच्या पोटाखालून, पाणीचिखलातून जाणारी. परतीचा मार्ग बॉडीतून. पण इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले, आणि रबरातून वीज जात नाही. तेव्हा इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या विणीची एक पट्टी. स्टार्टरचा सगळा प्रवाह या पट्टीतून परततो. क्लच बदलताना ती काढली आणि परत लावायची राहिली, की प्रवाह चोकच्या वा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि त्या तारा तापून धुरावतात.

आता थोडा हिशेब. स्टार्टर इंजिन फिरवताना सुमारे दोनशे अँपिअर प्रवाह ओढतो असे धरू. एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध एक शतांश ओहम असेल, तर तिथे दोन व्होल्ट खर्ची पडतात. बारातले दोन गेले की स्टार्टर कण्हू लागतो. त्याच सांध्यातून हेडलाइटचे दहा अँपिअर गेले, तर तूट फक्त एक दशांश व्होल्ट. दिवे लखलखीत लागतात, आणि म्हणून माणूस म्हणतो, ‘बॅटरी उत्तम आहे, सेल्फच गेला.’ सगळी फसगत या एका वाक्यात आहे.

जुन्या कारागिरांची रीत म्हणून आम्हांला अधिक विवेकी वाटते. हेडलाइट लावायचे आणि किल्ली फिरवून दिव्यांकडे पाहायचे. दिवे एकदम विझले तर बॅटरीच्या टर्मिनलवर संशय घ्यावा. ते मंदावले आणि इंजिन जड फिरले तर बॅटरी अशक्त असेल. नुसतेच मंदावून काही फिरले नाही तर पिनियन दात्यांत अडकले असण्याचा संभव असतो. अशा वेळी टॉप गिअर टाकून गाडी पुढेमागे हलवावी, किंवा स्टार्टरच्या दांड्याच्या चौकोनी टोकाला पाना लावून ते सोडवावे. स्टार्टर नुसताच भिरभिरला तर आट्यांवर क्लचची धूळ बसून पिनियन सरकेनासे झालेले असते. तिथे तेल घालू नये, कारण तेल आणखी धूळ धरते, रॉकेलने धुवावे. आणि ‘टक्’ झाले, दिवे जराही हलले नाहीत, तर मोठा प्रवाह निघालाच नाही असे समजावे. मग सोलेनॉइडचे संपर्क, स्टार्टरचे कार्बन ब्रश किंवा ती तांब्याची पट्टी. शेवटचा निवाडा व्होल्टमीटरचा : एक टोक इंजिनाच्या ठोकळ्यावर, दुसरे बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या ध्रुवावर, आणि किल्ली फिरवायची. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर परतीच्या वाटेत चोर आहे. स्टार्टर काढण्याची वेळ या सगळ्यानंतर येते.

प्रत्यक्षात मात्र आधी स्टार्टर बदलला गेला आणि शिव्या बर्मिंगहॅमच्या लुकस कंपनीला बसल्या. जोसेफ लुकसने एकोणिसाव्या शतकात सायकलींसाठी बनवलेल्या तेलाच्या दिव्याचे नाव होते ‘किंग ऑफ द रोड’. त्याच नावाला पुढे ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’ अशी पदवी चिकटली. इंग्रज कोमट बिअर पितात, कारण त्यांचे फ्रिज लुकसचे, हा विनोद त्याच माळेतला. विनोद चांगला आहे, यात वाद नाही. लुकसची निर्दोष मुक्तता करण्याचा आमचा हेतूही नाही. तिचे तारा जोडणारे गोळीच्या आकाराचे पितळी सांधे ओलाव्यात गंजत, हे खरेच. पण बॅटऱ्या चाकांच्या चिखलात टांगण्याचा निर्णय मोटार बनवणाऱ्यांचा होता. १९६७ च्या अखेरीस बेंडिक्सच्या जागी सोलेनॉइडने पुढे ढकलल्या जाणाऱ्या पिनियनचा स्टार्टर आला, बॉडीला धन ध्रुवाऐवजी ऋण ध्रुव जोडला गेला. पुढे १९७४ च्या सुमारास बॅटरीही एकच झाली. विनोद मात्र तसाच राहिला.

विनोदाने जे झाकले, ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. १९७६ साली याच समूहाच्या लुकस एरोस्पेसमधील कामगार प्रतिनिधींनी नोकरकपातीला उत्तर म्हणून एक पर्यायी योजना मांडली. शस्त्रास्त्रांशी निगडित कामाऐवजी समाजाला उपयोगी अशी सुमारे दीडशे उत्पादने तिच्यात सुचवली होती. उष्मापंप होते, वीज आणि इंधन या दोहोंवर चालणारी इंजिनयंत्रणाही होती. व्यवस्थापनाने ती नाकारली. तिच्या प्रमुख कर्त्यांपैकी माइक कूली यांना १९८१ साली ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला. ज्या नावाचा उच्चार होताच अंधाराचा विनोद सुचतो, त्याच नावाखाली काम करणाऱ्यांनी उद्याच्या यंत्रांचा इतका बारकाईने विचार केला होता, हे जुन्या मोटारींवरील लिखाणात क्वचितच आढळते. आपल्याकडे १९६१ मध्ये मद्रासच्या पाडी भागात लुकस-टीव्हीएस उभी राहिली आणि स्टार्टर बनवू लागली. तिथे हा विनोद पोचल्याचे दिसत नाही.

आज एमजीबीचे हौशी मालक बहुधा गिअर असलेला नवा, हलका स्टार्टर बसवतात. तो जुन्यापेक्षा कमी प्रवाह ओढतो, त्यामुळे गंजलेल्या सांध्यावरची तूटही कमी होते आणि गाडी पहिल्याच किल्लीला सुरू होते. जुना लुकस स्टार्टर मग बाकावर थेट बॅटरीला जोडून पाहिला, तर पुष्कळदा मुकाट्याने फिरू लागतो.