घराण्याचा इतिहास आणि त्याची साधने

देवस्थानचा इतिहास हा त्याच्या महाजन घराण्यांचाही इतिहास असतो. देवालयाला जागा कोणी दिली, नंदादीपाची तरतूद कोणत्या पिढीने केली, उत्सवातील मान कोणत्या घराकडे केव्हा आला, या प्रश्नांचा मागोवा घेऊ लागले की तो अखेरीस एखाद्या घराच्या माळ्यावरील जुन्या पेटीपाशी येऊन थांबतो. गोमंतकात तर हे नाते विशेष निकटचे आहे. बारदेश आणि साष्टी हे महाल १५४३ मध्ये पोर्तुगीज अंमलाखाली गेले आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात तेथील देवालयांचा विध्वंस झाला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. देवांबरोबर माणसेही निघाली. काही कुटुंबे अंत्रूज महालात स्थिरावली, काही दक्षिणेस कारवार-मंगळूरकडे गेली. शाखा अशा विखुरल्या आणि त्यांना जोडणारे कागदही विखुरले.

आज बहुतेक जुन्या घरांत वंशावळ आढळते. मूळपुरुष खाली, फांद्यांवर पुत्रपौत्र, असे वृक्षाकार चित्र चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले असते. त्यातील नावे खोटी असतात असे नव्हे. परंतु अमुक नाव कोणत्या कागदावरून घेतले, असे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही. ज्याने वंशावळ सिद्ध केली त्याने कागद पाहिले असतील, वृद्धांच्या आठवणी ऐकल्या असतील, क्वचित अनुमानही केले असेल. चित्रात मात्र या तिन्हींचे मोल सारखेच दिसते.

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या खंडाला ‘मराठ्यांचा इतिहास’ असे नाव दिले नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ असे दिले. आधी अस्सल कागद जसाच्या तसा समोर ठेवावा, कथन नंतर करावे, हा त्या नावातील अभिप्राय होय. गोमंतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पणजीच्या दप्तरखान्यात हीच निष्ठा आयुष्यभर जपली. १५९५ मध्ये स्थापन झालेल्या आणि दियोगु द कोउतु हा इतिहासकार ज्याचा पहिला रक्षक होता, त्या दप्तरसंग्रहाची वाट पिसुर्लेकरांच्या १९५५ च्या मार्गदर्शक ग्रंथाने अभ्यासकांस मोकळी करून दिली. राष्ट्राच्या इतिहासाला लागू पडणारा हा नियम घराण्याच्या इतिहासाला लागू पडू नये, असे कोणतेही कारण नाही.

गोमंतकातील घराण्यांच्या दृष्टीने साधनांची विपुलता आहे. देवस्थानांच्या कारभाराविषयीच्या १९३३ च्या पोर्तुगीज कायद्यान्वये ठेवलेली महाजनांची नोंदवही हे त्यांतील पहिले. त्याखेरीज गावकारीचे दप्तर, नोटरीपुढे झालेली खरेदीखते, नागरी नोंदणीतील जन्म-विवाह-मृत्यूंच्या नोंदी, मृताच्या मालमत्तेची वारसांत वाटणी करताना होणारे इन्व्हेंताराचे कागद आहेत. फोंडे महाल १७६३ पर्यंत पोर्तुगीज सत्तेबाहेर असल्यामुळे त्यापूर्वीचे कागद शोधायचे तर मोडी आणि कानडी दप्तरांकडे वळावे लागते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेकरूंच्या पिढ्यान् पिढ्यांची नावे आढळतात.

एवढे साहित्य वहीत सांभाळणे कठीण. येथे संगणक उपयोगी पडतो. वंशावळीची माहिती एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याची ‘जेडकॉम’ ही पद्धत अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या संस्थेने १९८४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. २००१ पासून विनामूल्य उपलब्ध असलेली ‘ग्रॅम्प्स’ ही प्रणाली अनेक अभ्यासक वापरतात. अशा प्रणाली हाती येताच बहुतेक जण नावे भरू लागतात आणि भिंतीवरची वंशावळ पडद्यावर येते. तिच्यातील संशय मात्र तसाच राहतो. वास्तविक ग्रॅम्प्समध्ये व्यक्तीइतकेच स्वतंत्र स्थान कागद जेथे आहे त्या भांडाराला, त्या साधनाला आणि साधनातील नेमक्या संदर्भाला दिलेले आहे. आरंभ या टोकाकडून करावयास हवा.

उदाहरणार्थ, महाजनांची नोंदवही घ्यावी. भांडार म्हणून देवस्थानची कचेरी, साधन म्हणून ती वही, संदर्भ म्हणून पान आणि नोंदीचा क्रमांक लिहावा. छायाचित्र जोडावे, मजकूर अक्षरशः उतरवावा. त्यानंतरच त्या नोंदीने काय सिद्ध होते ते पाहावे. अमुकाचा पुत्र अमुक त्या साली महाजन म्हणून नोंदला गेला, एवढेच ती सांगत असेल तर तेवढेच घ्यावे. जन्मवर्षाचा अंदाज तिच्या माथी मारू नये. जो कागद आज कोणत्याच व्यक्तीशी जुळत नाही, तो साधन म्हणून तसाच राहू द्यावा. पुढे दुसरा कागद मिळाला की तो बोलू लागतो. प्रत्येक संदर्भ किती विश्वसनीय हे दर्शविण्याचीही सोय असते. आजीने सांगितलेली आठवण आणि नोटरीचे खत यांना तेथे वेगवेगळी श्रेणी देता येते.

या शिस्तीवाचून किती घोटाळा होतो, हे आपल्या नामकरणाच्या चालीवरून ध्यानात येईल. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची प्रथा असल्याने ‘रामचंद्र विठ्ठल’ हे नाव एका पिढीआड पुन्हा अवतरते. साठ वर्षांच्या अंतराने झालेली दोन खते एकाच रामचंद्राची समजली गेली, तर दोन पिढ्या वंशावळीतून नाहीशा होतात आणि उरलेला पुरुष शंभर वर्षांहून अधिक जगतो. आडनावांचेही तसेच. पोर्तुगीज लेखनिकांनी शेणव्याचा ‘सिनाय’, प्रभूचा ‘पोरोब’ केला. पुढे अनेकांनी गावावरून ‘कर’ प्रत्ययाची आडनावे घेतली. एकाच पुरुषाची ही सारी नावे ज्या त्या साधनासह नोंदवावीत, कोणतेही पुसू नये. कालगणनेची अडचण निराळी. जेडकॉमने मान्य केलेल्या पंचांगांत शालिवाहन शकाला स्थान नाही. म्हणून शक, संवत्सर, मास, तिथी मूळ शब्दांत लिहून ठेवावी आणि इसवी सनाचे रूपांतर तिच्या शेजारी द्यावे. नुसते ७८ मिळवून मोकळे झाले की पौषाच्या अखेरच्या आणि त्यापुढील तिथींचे वर्ष चुकते.

तथापि साधनांपासून आरंभ करण्याचा सर्वांत मोठा लाभ याहून वेगळा आहे. महाजनकी बहुतेक ठिकाणी पुरुषपरंपरेने चालत आल्यामुळे वंशावळीत स्त्रियांना जागाच उरली नाही. परंतु कागद वंशावळीइतके विस्मरणशील नसतात. १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेखाली झालेल्या खतांत पत्नीची संमती दिसते. इन्व्हेंताराच्या कागदांत विधवा, कन्या, जावई यांची नावे येतात. एका कन्येच्या नावावरून दुसऱ्या महाजन घराण्याचा धागा हाती लागतो. विवाहात बदललेले तिचे नाव आणि माहेरचे नाव एकाच व्यक्तीखाली आले की दोन कुळांचे तुटलेले नाते पुन्हा दिसू लागते. वृक्ष आधी काढणाऱ्याला या स्त्रिया कधीच भेटत नाहीत. कागद आधी वाचणाऱ्याला त्या पानोपानी भेटतात.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. मोडी वाचणारी, पोर्तुगीज जाणणारी आणि दूरच्या शाखांची नाती तोंडपाठ असलेली वृद्ध मंडळी दिवसेंदिवस विरळ होत आहेत. वाळवी आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाहीत. प्रत्येक घराने आपल्या पेटीतील कागदांची छायाचित्रे घेऊन, कोणता कागद कोठे आहे याची यादी जरी केली, तरी निम्मे कार्य झाले. हयात व्यक्तींचा तपशील घरापुरताच राखावा. पूर्वजांचा मात्र सर्व शाखांस खुला असावा. वंशावळ पुढच्या पिढीला पुन्हा काढता येईल; गेलेला कागद कोणत्याही यंत्राला परत आणता येणार नाही.